हनुवटीची रेघ

९ नोव्हेंबर १९६८

धाकट्या,

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळींचं. समुद्र स्टुडिओत शिरला, खालच्या फळीवरच्या निगेटिव्हच्या काचा गेल्या, हिला ताप भरला, अठराव्या दिवशी ही गेली. याच क्रमाने लिहिलं आहेस तू. काचा आधी, बायको नंतर. तीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाचं डोकं कसं चालतं ते कळलं.

मला यायला जमलं नाही. पत्र पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, आणि शाळेत परीक्षा चालू आहेत. प्राणिशास्त्राचे दीडशे पेपर टेबलावर पडले आहेत.

तुझ्या बायकोचं आणि माझं जमलं नाही, हे काही लपलेलं नाही. माणूस गेलं म्हणून आज गोड बोलावं, असं मला वाटत नाही. तिने तुझं घर चोख ठेवलं, एवढं मी मान्य करते. तुझ्या हाताला मोठं काम मिळायचं होतं. ते त्या बेटावर लग्नाच्या जोड्या, रडकी बाळं आणि वर्षाकाठी एखादा सिमेंटचा पुतळा यात संपलं, हेही तितकंच खरं.

आता कामाचं. दोन्ही वेळा जेव. स्टुडिओ पुरता वाळेपर्यंत तिथे झोपू नकोस, ओल छातीत जाते. डोळ्यांचं काय झालं? बारीक अक्षर दिसत नाही असं मागे लिहिलं होतंस. चष्म्याचा नंबर बदलून घे. टाळू नकोस.

ताई


२८ नोव्हेंबर १९६८

ताई,

काचा आधी लिहिल्या, कारण त्या आधी गेल्या आणि त्यांच्यापायी ती गेली.

दुपारचे तीन वाजले असतील. वारा दोन दिवस होताच, पण पाणी इतकं वर येईल असं धक्क्यावरच्या कुणालाच वाटलं नव्हतं. दार उघडलं आणि ते आत आलं. मी कॅमेरा उचलला. ती फळ्यांकडे गेली. मी ओरडलो, ‘खालच्या आधी काढ, आपल्या तिथे आहेत.’ ती म्हणाली, ‘लोकांच्या आधी. आपल्या आपण पुन्हा काढू.’ दोन तास ती छातीएवढ्या पाण्यात उभी होती. एकेक पेटी माझ्या हातात देत होती, मी माळ्यावर ठेवत होतो. तिच्या हातून अकराशे काचा वाचल्या. या बेटावरची गेल्या तीस वर्षांतली जवळजवळ सगळी माणसं त्यात आहेत.

खालची फळी गेली. निगेटिव्हला खारं पाणी लागलं की काचेवरचा पापुद्रा सायीसारखा सुटतो. हातात नुसती काच उरते, खिडकीला लावावी तशी. तिचा चेहरा असलेली एकच काच आमच्याकडे होती, ती खालीच होती. लग्नाची. तिचा मोठा प्रिंट भिंतीवर होता, तो भिंतीसकट भिजला.

दुसरा प्रिंट मी तुला पाठवला होता. त्या वेळी माझ्या कॉलेजमित्राने आम्हाला व्हरांड्यात उभं केलं होतं. मी काळ्या कोटात. तो ‘समोर बघा’ म्हणाला आणि ती नेमकी माझ्याकडे वळली. मित्र चिडला, म्हणाला, वधूचा एकच कान आला. तो प्रिंट मला हवा आहे, ताई. मी तिचं डोकं करायला घेतलं आहे, मातीत. दोन झाली. दोन्ही तिची नाहीत.

डोळ्यांना चष्मा नाही. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बोटीने डॉक्टर येतो. तो म्हणतो, मागचा पडदा झिजला आहे, शेवटी उजेड आणि अंधार एवढं कळत राहील. किती दिवस, विचारलं. म्हणाला, ‘पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही वर्तमानपत्र वाचत असाल तर मला जरूर कळवा.’ माणूस विनोदी आहे.

तेव्हा लवकर पाठव.

धाकटा


१७ डिसेंबर १९६८

धाकट्या,

डॉक्टर बदल. एका माणसाच्या शब्दावर विसंबून आंधळं व्हायला बसू नकोस. इथल्या मोठ्या इस्पितळात डोळ्यांचा विभाग आहे. तू ये, मी नेते.

फोटोचं बघते. घराला रंग लावला तेव्हा सामान वरखाली झालं. जुन्या ट्रंका माळ्यावर गेल्या आणि माळ्यावर चढायचं माझं वय नाही. शाळेचा शिपाई मोकळा झाला की त्याला सांगते.

पण मला एक कळत नाही. अख्ख्या बेटाचे फोटो काढणाऱ्याच्या घरी स्वतःच्या बायकोचा एक फोटो नसावा? एकतीस वर्षांत एकदाही तिला समोर बसवून बटण दाबावंसं वाटलं नाही तुला? आणि आता दोन ट्रंका उपसायला मला सांगतोस.

जेवतोस ना?

ताई


८ जानेवारी १९६९

ताई,

बसवलं की. हजारदा बसवलं. दर वेळी ती उठून कॅमेऱ्याच्या मागे गेली.

कारण तुला माहीत असेल असं मी धरून चाललो होतो. तसं दिसत नाही, म्हणून लिहितो. तो प्रिंट पाठवल्यावर तुझं पत्र आलं होतं: ‘हिची हनुवटी म्हणजे विळ्याचं टोक आहे. रोज समोर बघशील तेव्हा कापून घेशील.’ तुला वाटलं असेल, कॉलेजात शिल्पांसाठी माती मळणाऱ्या बाईला कुठलं वाचता येतंय. तिला येत होतं. माझ्या आधी तिनेच ते पत्र उघडलं. चिडली नाही. हसली, म्हणाली, ‘वन्सं खरं तेच लिहितात. आहेच विळ्याचं टोक.’ भिंतीवरचा तो एक प्रिंट तिने राहू दिला, मी हट्टच धरला म्हणून. पण त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहिली नाही, आणि चारचौघांत मान जरा खाली घालून वावरली. हनुवटी गळ्याशी. लोकांना वाटायचं, बाई विनयशील आहे. ती कसली विनयशील! घरात माझी सालटी काढायची.

स्टुडिओत पांढरी चादर धरायचं काम तिचं. गिऱ्हाइकाच्या अंधाऱ्या गालावर उजेड फेकण्यासाठी. शेकडो काचांच्या कडेला तिची चार बोटं आली आहेत, चादर धरलेली. प्रिंट काढताना मी ती कापून टाकत आलो. बोटांवरून चेहरा होत नाही.

आता डोक्यांचं. पाच झाली. ती का जमत नाहीत ते मला कळलं आहे. तुला माहीत नसेल, आमच्या धंद्यात निगेटिव्हवर पेन्सिल चालवतात. सुरकुती जाते, नाक सरळ होतं, हनुवटी गोल होते. माणूस आहे तसा त्याला स्वतःलाच नको असतो. तीस वर्षं मी रोज हे केलं. हाताला वळणच पडलं. मातीत तिची हनुवटी करायला जातो आणि अंगठा आपोआप ती गोल करतो. मी टोक काढतो, अंगठा पुसतो. तिसरं डोकं बघून दूधवाला म्हणाला, ‘वा, पोस्टमास्तरीणबाई हुबेहूब!’ पोस्टमास्तरीणबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

फोटो समोर असेल तर अंगठ्याला वेसण घालता येईल. शिपाई मोकळा झाला का?

धाकटा


४ फेब्रुवारी १९६९

धाकट्या,

विळ्याचं टोक मी लिहिलं होतं. आठवलं. नाकारत नाही. पण ते पत्र तुला होतं, तिला नव्हतं. दुसऱ्याची पत्रं उघडणाऱ्याने आत काय निघेल त्याची तयारी ठेवावी.

आता एकतीस वर्षांनी तू हिशेब मांडायला बसलाच आहेस तर माझंही ऐक. तू कॉलेजात पहिला होतास. तुझ्या सरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, बाई, हा मुलगा मोठा होणार. तुझं शिक्षण संपेपर्यंत म्हणून मी माझं लग्न लांबवलं, आणि मग ते राहूनच गेलं. त्याबद्दल मी कधी ब्र काढला नाही. आणि तू शेवटचं वर्ष टाकून तिच्या बापाच्या बेटावर निघून गेलास. का? तर तिला शहरात करमत नव्हतं! तुझ्याच पत्रातले शब्द. ज्या बाईने माझ्या भावाचे हात धक्क्यावर नेऊन बांधून ठेवले, तिच्या हनुवटीबद्दल मी एक वाक्य लिहिलं. त्या दोहोंत जास्त कुणी कापलं ते तूच ठरव.

फोटो अजून सापडला नाही. एका ट्रंकेला वाळवी लागली आहे. असेलच तर त्यात असेल, आणि असला तरी काय अवस्थेत असेल सांगवत नाही. आशा धरू नकोस.

इस्पितळाचं काय ठरवलंस?

ताई


२१ एप्रिल १९६९

ताई,

हे अक्षर माझं नाही. पोस्टमास्तरीणबाई लिहून घेताहेत. तिसऱ्या डोक्याचा राग आता गेला आहे. एक शब्द बदलायचा नाही असं मी त्यांना बजावलं आहे आणि त्यांनी मला बजावलं आहे की सरकारी माणसाला असं बजावायचं नसतं. तुझी पत्रंही त्याच वाचून दाखवतात. फेब्रुवारीचं दोनदा वाचायला लावलं.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायचं ते सोपं नव्हतं. आता मधोमध काही दिसत नाही. कडेकडेने दिसतं, तेही जाड जाड. बाईंच्या डोक्यावर केस आहेत हे कळतं, डोळे कळत नाहीत.

मी कॉलेज सोडलं नव्हतं. मला काढलं.

एका म्हाताऱ्या हमालाचं डोकं मी करत होतो. दोनदा मोडलेलं नाक होतं त्याचं. सकाळी येऊन बघतो तर नाक सरळ. ज्यांनी तुला मी मोठा होणार म्हणून सांगितलं त्याच सरांनी माझ्यामागे दुरुस्त केलं होतं. प्रदर्शनात बरं दिसावं म्हणून. मी हातोडा घेतला. आधी माझा पुतळा फोडला, मग शेजारचा सरांचा. दुपारी नाव कमी झालं. ती तिथे माती मळायला होती. फुटलेले तुकडे टोपलीत भरताना म्हणाली, ‘नाक मोडकंच चांगलं होतं.’ त्या वाक्यावर मी लग्न ठरवलं.

तुला काय सांगायचं या विचाराने मी आठवडाभर जेवलो नव्हतो. ती म्हणाली, ‘माझ्यावर घाला. बायकोने नवऱ्याला आपल्या गावी ओढून नेलं, हे कुणालाही पटतं. वन्संना भाऊ एकच आहे. भावजय नावडली तर काय बिघडतं? नणंदांना नावडतेच.’ मी घातलं तिच्यावर. तात्पुरतं म्हणून. मग दर वर्षी वाटायचं, आता सांगू. दर वर्षी ती म्हणायची, ‘कशाला? सवय झाली आता.’

आणि ज्याने एका नाकासाठी हातोडा घेतला, त्याने पुढे तीस वर्षं अख्ख्या बेटाची नाकं पेन्सिलीने सरळ केली. हे तिने मला एकदाच ऐकवलं. एकदाच पुरलं.

तुझ्या शिव्या तिने खाल्ल्या, त्या माझ्या होत्या. तेव्हा आता माझ्यावर रागाव आणि तो फोटो पाठव. वाळवीने खाल्लेला असला तरी पाठव. अर्धा असला तरी पाठव. सात डोकी झाली, सातही मोडून पुन्हा माती केली. काल तिचा आवाज आठवला, पण तोंड आठवेना. दोन तास बसलो होतो. आवाज येत होता आणि वर पोस्टमास्तरीणबाईंचं तोंड.

धाकटा

(ता. क. लिहिणारीकडून: मी सगळं जसंच्या तसं लिहिलं आहे. बाई, फोटो असेल तर पाठवा. नसेल तर नाही म्हणून सांगा. हे दर बोटीला धक्क्यावर येऊन उभे राहतात.)


५ मे १९६९

पोस्टमास्तरीणबाई, हे पत्र वाचताना मध्ये थांबू नका आणि माझ्या बाजूने काही सौम्य करू नका. तुमच्यासमोर लिहावं लागतं आहे, हे माझ्या वाट्याला योग्यच आलं.

धाकट्या,

शिपाई नाही, माळा नाही, वाळवीही नाही. फोटो पहिल्या दिवसापासून माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. तो कुठे आहे हे मी एकतीस वर्षांत एक दिवसही विसरले नाही.

तू तो पाठवलास तेव्हा मी शाळेतून नुकतीच आले होते. पाकीट फाडलं. तू काळ्या कोटात, ताठ. आणि ती तुझ्याकडे वळलेली, तिचं सगळं तोंड तुझ्या कोटावर. मला वाटलं, हिने माझा भाऊ झाकला. मी तुला विळ्याचं पत्र लिहिलं, पोस्टात टाकून आले, तरी राग उतरेना. बेडकाच्या शिरा वेगळ्या करायची माझी बारीक कात्री होती. ती घेतली आणि तिला तुझ्यापासून कापून काढलं.

टराटरा फाडला असता तर बरं झालं असतं. पण मला तू हवा होतास. तुझ्या कोटाला धक्का लागू नये म्हणून मी खिडकीशी बसून, चष्मा लावून, तिच्या कडेकडेने कापलं. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, गळा. मग कापलेली ती चुलीत टाकली.

उरला तो फोटो सोबत आहे, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. त्यात तू आहेस आणि तुझ्या कोटात तिच्या आकाराचं भोक आहे. तो काही उपयोगाचा नाही, मला माहीत आहे. ‘नाही’ म्हणून लिहिण्यापेक्षा पाठवते आहे, म्हणजे तुझ्या हातात पुरावा राहील.

डिसेंबरातच सांगितलं असतं तर तुझे पाच महिने वाचले असते. तेव्हा तुला दिसत होतं. मला आशा होती की तू विचारायचं सोडशील. सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी तुला माळ्यावरच्या ट्रंका ऐकवल्या. आयुष्यभर मुलींना खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं.

कॉलेजचं वाचलं. तुझ्यावर रागावता येत नाही. तिच्यावर काढला तो सगळा राग चुकीच्या पत्त्यावर गेला. आणि तिने तो परत न पाठवता घेतला. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

ताई


१२ जून १९६९

ताई,

बाईंनी तुझं पत्र न थांबता वाचलं. संपल्यावर त्या उठल्या, बाहेर जाऊन आल्या, मग पुठ्ठे सोडले.

फोटो हातात घेतला. मला त्यात काही दिसलं नाही. कोट नाही, मी नाही. नुसता करडा तुकडा. तो नीट, अख्खा असता तरी मला एवढाच दिसला असता हे लक्षात घे. आता मला कुठलाच फोटो दिसत नाही.

पण बोट फिरवलं, तर कड लागली.

कपाळावरून खाली आलो. नाकाची घळ, मग नाक. वरचा ओठ जरा पुढे, तो मी विसरलो होतो. सातही डोक्यांत मी तो आत घेतला होता. मग खालचा ओठ, मग हनुवटी. तिथे बोट अडलं. टोक. मी परत वर गेलो, परत आलो. परत तिथेच अडलं. ती होती.

मी तीस वर्षं तिच्यावर प्रेम केलं आणि माझ्या हाताने ती हनुवटी दर वेळी गोल केली. तुझ्या कात्रीने काही गोल केलं नाही. तुला ती बरी दिसायला नको होती, म्हणून तू जशी होती तशीच कापलीस. या जगात तिची खरी रेघ एकच उरली आहे आणि ती तू काढली आहेस. याबद्दल तुझे आभार मानायला माझी जीभ वळत नाही. न मानायलाही वळत नाही.

असं कापायला अर्धा तास तरी लागतो. मी धंद्यातला माणूस आहे, मला कळतं. अर्धा तास तू तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघितलंस. त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

आता केलं काय ते सांगतो. मातीला हात लावला नाही, अंगठ्याचा भरवसा नाही. डार्करूममध्ये फोटो मोठा करायचा दिवा आहे. त्याच्यासमोर तो ताठ धरला. भोकातून उजेड गेला आणि भिंतीवर पडला, हातभर उंच. काळ्या भिंतीवर पांढरी ती. मला उजेड आणि अंधार एवढंच दिसतं, ताई. ती तेवढ्यात मावली. बाईंनी कडेने कोळसा ओढला. मग मी पत्र्याची पट्टी त्या रेघेवर टाचून टाचून वाकवली. हनुवटीला पट्टी दोनदा मोडली, तिसऱ्यांदा बसली. भोवती सिमेंट ओतलं, लादी केली, मधे भोक ठेवलं. सात दिवस ओली ठेवली. समुद्राने स्टुडिओची पश्चिमेची खिडकी उचकटून नेली होती, त्या जागी ती लादी गवंड्याने बसवून दिली.

दुपारी चारला ऊन त्यातून आत येतं आणि ती समोरच्या भिंतीवर येते. चाळीस मिनिटं असते. मग ऊन कलतं, मान ताणली जाते, नाक लांबतं, आणि ती दुसरीच कुणीतरी बाई होऊन वर सरकते. मी तिथे खुर्ची टाकली आहे. पहिल्या दिवशी दूधवाला आला, उभा राहिला. म्हणाला, ‘ही मान वर करून कधी चालली नाही.’ मग गेला. दूध द्यायला विसरला.

वारा आणि पाणी त्या भोकातून आत येतं. गवंडी म्हणतो, काच लावा. मी लावणार नाही. ढग असले की काही नसतं. आज ढग आहेत.

तू ‘येऊ का’ असं विचारलं नाहीस, पण विचारशील. आताच सांगतो. ‘ये’ म्हणायला मी मोकळा नाही. ते म्हणायचं ती दर वर्षी मला सांगायची, ‘वन्संना एकदा बोलवा.’ आणि मी माझं खोटं उघडं पडेल म्हणून दर वर्षी टाळायचो. ते बोलावणं तिचं होतं. ती नाही.

फोटो मी परत पाठवत नाही.

धाकटा

(ता. क. लिहिणारीकडून: त्यांनी सांगितलं तेवढंच वर आहे. खालचं माझं. मला तुमचा फार राग आला होता, अजून आहे. पण तीस वर्षं ती माझ्याकडे तिकिटं घ्यायला यायची आणि तुमच्या पाकिटावर तिकीट स्वतः लावायची, सरळ, कडेला कड जुळवून. म्हणून लिहिते. बोट सोमवारी असते. दुपारी दोनला लागते. जुलैच्या अखेरीपर्यंत ऊन नीट त्या भिंतीवर पडेल, मग ते सरकेल, असं गवंडी म्हणतो.)


२३ जून १९६९
(पोस्टकार्ड)

पोस्टमास्तरीणबाई, वाचून दाखवा.

धाकट्या, ७ जुलैच्या सोमवारच्या बोटीने निघते आहे. बोलावणं नाही, हे लक्षात आहे. धक्क्यावर कुणी येऊ नये. चारला बाहेरच्या बाजूने लादीपाशी उभी राहीन, उजेडाच्या आड येणार नाही. तू हाक मारलीस तर आत येईन, नाहीतर पाचच्या बोटीने परत जाईन. ढग असले तर पुढच्या सोमवारी पुन्हा येईन, आणि त्याच्या पुढच्या.

नोव्हेंबरपासून तू थांबलास. आता मी थांबते.

ताई